हापूसवरची फळमाशी: सापळ्याइतकंच झाडाखाली लक्ष द्या

सापळा माश्यांनी भरलेला आणि तरी पेटीतले आंबे किडके निघतात, ही तक्रार मे महिन्यात कोकणात बहुतेक बागांतून ऐकू येते. कारण साधं आहे. सापळ्यातलं मिथाईल युजेनॉल, म्हणजे वासाचं आमिष, फक्त नरांना ओढतं. फळ टोचते ती मादी.

फळ उजेडात फिरवून बघा. टाचणी टोचल्यासारखा ठिपका, त्यावर कधी चिकाचा बारीक थेंब, आणि अंगठ्याने हलकं दाबलं तर भोवतीची साल मऊ लागते. सालीखालची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. आठवडा-दहा दिवस अळ्या गर खातात, फळ गळून पडतं, अळ्या बाहेर उड्या टाकतात आणि मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत कोष करतात. साधारण दहा दिवसांत नवी माशी तयार.

म्हणून पडीचा आंबा रोज उचला, फार तर एक दिवसाआड. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. पिशव्या नसतील तर दोन फूट खोल खड्ड्यात टाकून वर माती दाबा. वरवर पुरलं तर माशी माती फोडून बाहेर येते. गडग्यापलीकडे (बागेच्या दगडी कुंपणाबाहेर) किंवा उकिरड्यावर फेकलेला आंबा म्हणजे माश्यांची पैदासच. बांधावरचा रायवळ (कोयीपासून उगवलेला गावठी आंबा) आणि परसातला पेरू विसरू नका. त्यांच्याखालचं कोणी उचलत नाही, आणि कलमांवर येणारी माशी बऱ्याचदा तिथलीच असते. झाडाखालची माती अधूनमधून दोन-तीन इंच उकरा. उघडे पडलेले कोष मुंग्या आणि पक्षी खातात.

सापळे लावायचेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा हेक्टरी चार, म्हणजे एकरी दोन पुरतात. काढणीच्या दीड-दोन महिने आधी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, सावलीतल्या फांदीला टांगा. तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या नेतात आणि सापळा रिकामा दिसतो. आमिषाचा हात फळाला लागू देऊ नका. (तुळशीतही मिथाईल युजेनॉल असतं, म्हणून चुरडलेल्या पानांवर ह्या माश्या येतात.) एकट्याच्या बागेत सापळ्याचा गुण अर्धाच येतो, शेजारच्या बागांनीही त्याच आठवड्यात लावायला हवेत.

निवडक फळांसाठी कागदी पिशवी सर्वांत खात्रीची. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं झालं की 25 × 20 सें.मी.ची पिशवी चढवून देठाशी बांधा. तोंड सैल राहिलं तर मेहनत वाया. काढणी तोंडावर असताना कीटकनाशक फवारू नका: सालीखालच्या अळीपर्यंत ते पोचत नाही, अंश मात्र फळावर राहतो.

आंबा चौदा आणे तयार झाला, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडाच बाकी असला, की नूतन झेल्याने (फळ देठासकट कापून जाळीत झेलणाऱ्या काठीने) उतरवा. झाडावर पिकू दिलेला आंबा माशीला हमखास सापडतो, आणि वळवाची सर पडून गेली की माश्या एकदम वाढतात.

2014 साली युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला तो मुख्यतः ह्या माशीपायी. 2015 साली बंदी उठली. तिकडे जाणारा आंबा आता 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 मिनिटं बुडवतात. पाणी थोडं निवलं तर अळी जगते, जास्त तापलं तर साल भाजते, म्हणून हे काम घरच्या पातेल्यात न करता मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्या.