एनआयओएसमधून बारावी करताय? माझ्या चुका आधी वाचून घ्या

दहावीनंतर मी नाशिकला रेग्युलर कॉलेजलाच होते, पण सकाळी साडेपाचला खेळाच्या सरावाला ग्राउंड, संध्याकाळी परत ग्राउंड, मधे कॉलेज, मग हजेरी कमी पडली म्हणून बोलणी, असं करत एक वर्ष गेलं आणि शेवटी एनआयओएसला (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओपन स्कूलिंग, म्हणजे रोज कॉलेजला न जाता घरी शिकून परीक्षा द्यायची) बारावीचं ऑनलाइन अ‍ॅडमिशन टाकलं. काकूने लगेच विचारलं, "म्हणजे शाळा सोडलीस का गं?" सोडली नाही हो, हे पण बोर्डच आहे, केंद्र सरकारचं, १९८९ पासून चालू आहे.

विषय पाच घ्यायचे, त्यात एक तरी भाषा. मी इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि भूगोल घेतले. भूगोलाला प्रॅक्टिकल असतं हे मला फॉर्म भरून झाल्यावर कळलं 😅 तेव्हा मैत्रिणीने घेतलाय म्हणून विषय घेऊ नका, प्रॅक्टिकल आहे का ते आधी बघा.

आता मेन गोष्ट, टीएमए. म्हणजे घरी लिहून द्यायची असाइनमेंट. प्रत्येक विषयाला सहा प्रश्न, पहिले तीन दोन-दोन मार्कांचे, मग दोन चार-चारचे, आणि शेवटचा प्रोजेक्टसारखा सहा मार्कांचा, मिळून २०. हे २० मार्क फायनल रिझल्टमध्ये धरतात त्यामुळे "नंतर बघू" म्हणू नका. मी म्हणाले. शेवटच्या रात्री पाच विषय हाताने लिहून मोबाईलवर स्कॅन करत बसले, अर्धी पानं आडवी आली, फाईलची साइज जास्त झाली, आणि अर्थशास्त्राच्या पीडीएफमध्ये इतिहासाचं पान घुसलं ते अपलोडच्या आधी भावाने बघितलं म्हणून वाचले. दर रविवारी एक विषय लिहिला असता तर दीड महिन्यात आरामात झालं असतं.

पुस्तकातले सगळे धडे परीक्षेला नसतात हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. सिलॅबसचे दोन भाग केलेत, साधारण ४० टक्के टीएमएसाठी आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. ती यादी साइटवर विषयवार मिळते, प्रिंट काढून भिंतीला चिकटवा. मी यादी न बघता धडा एकपासून सुरू केलं आणि टीएमएवाल्या धड्यांच्या नोट्स काढण्यात दोन महिने घालवले, सुंदर नोट्स, रंगीत पेन वगैरे.

व्हिडिओंचं सांगते. स्वयम पोर्टलवर (केंद्र सरकारची ऑनलाइन कोर्सची साइट) एनआयओएसचे फुकट व्हिडिओ आहेत, चांगलेत, पण मी ते जेवताना दीडपट स्पीडने बघायचे आणि वाटायचं झाला की धडा. मग जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसले आणि मागणी-पुरवठ्यावर चार ओळींच्या पुढे पेन जाईना. तिथून पुढे पद्धत बदलली, वीस मिनिटं बघायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि आठवेल ते वहीत लिहायचं, मोडकंतोडकं का होईना. निम्मे व्हिडिओ बघून झाले नाहीत, काही बिघडलं नाही.

अ‍ॅडमिशनची फी भरली म्हणजे परीक्षेची भरली असं नाही हं, ती वेगळी, तिच्या तारखा वेगळ्या. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदम पाचही विषय द्यायलाच पाहिजेत असं नाही, नोंदणी पाच वर्षं चालते, मी तीन विषय एप्रिलमध्ये दिले आणि दोन विषय ऑक्टोबरमध्ये, कारण मधे स्पर्धा होत्या. हे मला सगळ्यात आवडलं. पण त्यातच लोक सुस्तावतात, "पुढच्या वेळी देऊ" करत करत वर्षं जातात, आमच्या ग्राउंडवरच दोन जण आहेत असे.

रजिस्ट्रेशनला स्वतःचाच मोबाईल नंबर आणि मेल द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, ओटीपी त्यावरच येतात. आणि परीक्षेच्या आधी महिनाभर तरी घड्याळ लावून पूर्ण पेपर हाताने लिहा. वर्षभर स्क्रीनवर शिकलेल्या माणसाचा हात दीड तासात दुखायला लागतो, माझा मानसशास्त्राचा शेवटचा प्रश्न त्यातच गेला.