कॅलिफोर्नियात कामावर इजा झाल्यास क्लेम का नाकारला जातो

नोकरीसाठी कॅलिफोर्नियात नव्याने आलेली आपली माणसे आरोग्य विम्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करतात. वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामामुळे झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या विम्याचा, विषय मात्र प्रत्यक्ष इजा होईपर्यंत निघत नाही. हा विमा मालकाने स्वतःच्या खर्चाने घ्यायचा असतो, कर्मचारी एकच असला तरी तो सक्तीचा आहे आणि चूक कोणाची होती हे त्यात सहसा पाहिले जात नाही. तरीही क्लेम नाकारले जातात. माझ्या पाहण्यात त्यामागे इजा खोटी असल्याचे कारण क्वचितच असते; इजा कामामुळेच झाली हे सांगणारा कागद वेळेवर तयार झालेला नसतो, हेच कारण बहुतेकदा असते.

कायद्यानुसार इजेची लेखी सूचना ३० दिवसांच्या आत मालकाला द्यावी लागते, पण इतके थांबणे शहाणपणाचे नाही. शुक्रवारी गोदामात खोके उचलताना पाठीत चमक भरली आणि सुपरवायझरला ते पुढच्या गुरुवारी कळवले, तर मधल्या शनिवार-रविवारी घरी काय उचलले हा प्रश्न विमा कंपनी विचारणारच. त्याच संध्याकाळी पाठवलेला दोन ओळींचा ईमेल हा प्रश्न बऱ्याच अंशी संपवतो. साहेबांची मर्जी जाईल किंवा व्हिसावर परिणाम होईल या भीतीने आपले लोक गप्प राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. क्लेम केला म्हणून कामावरून काढणे किंवा त्रास देणे बेकायदेशीर आहे आणि राज्याच्या कायद्यातील हे संरक्षण कर्मचाऱ्याच्या इमिग्रेशन स्थितीवर अवलंबून नाही.

सर्वाधिक नुकसान डॉक्टरकडच्या पहिल्या भेटीत होते. तिथे भरायच्या फॉर्मवर ‘ही तक्रार कामाशी संबंधित आहे का?’ असा रकाना असतो. नेहमीच्या आरोग्य विम्यावर पटकन काम होईल म्हणून माणूस ‘नाही’वर खूण करतो, आणि डॉक्टर नोंदीत एवढेच लिहितात की, रुग्णाचा उजवा खांदा तीन दिवसांपासून दुखतो आहे. पुढे क्लेम उभा राहतो तेव्हा विमा कंपनी नेमकी हीच ओळ पुढे करते. म्हणून काय करत असताना, कुठे आणि केव्हा लागले, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. जुने दुखणे असल्यास तेही लपवू नये. कामामुळे जुने दुखणे बळावले तरी क्लेम होऊ शकतो, पण लपवलेले उघडकीस आले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

इजेची माहिती मिळाल्यावर मालकाने एका कामाच्या दिवसात डीडब्ल्यूसी-१ हा क्लेमचा फॉर्म कर्मचाऱ्याला द्यायचा असतो. दुखणारा प्रत्येक अवयव त्यात लिहावा. खांदा लिहिला आणि मान राहून गेली, तर मानेच्या उपचारांवर नंतर वाद होतो. मालकाची सही व तारीख असलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण भरलेला फॉर्म दिल्यापासून ९० दिवसांत क्लेम नाकारला गेला नाही, तर इजा भरपाईस पात्र असल्याचे कायदा गृहीत धरतो. निर्णय होईपर्यंत १०,००० डॉलरपर्यंतच्या योग्य उपचारांचा खर्चही मिळतो.

संगणकावर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. मनगटाचे दुखणे महिनोन्महिने साचत जाते आणि अपघाताची एक अशी तारीख सांगता येत नाही. हळूहळू झालेली इजा कायद्याला मान्य आहे, परंतु ती कामामुळेच झाली असे डॉक्टरने कारणांसह लिहिलेले नसेल, तर नकार जवळजवळ ठरलेला असतो. घर ते ऑफिस या रोजच्या प्रवासातली इजा, नशेमुळे झालेली इजा आणि नोकरी सुटल्यावर प्रथमच केलेला क्लेम, हीदेखील नकाराची नेहमीची कारणे आहेत. त्यांना अपवादही आहेत.

नकाराचे पत्र आल्यास ते नीट वाचावे. संपूर्ण क्लेम नाकारला आहे की एखादा उपचारच नाकारला आहे, यावर पुढचा मार्ग ठरतो. उपचार वैद्यकीय गरजेच्या कारणावरून नाकारला असेल, तर स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणीसाठी साधारणपणे ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. क्लेमच नाकारला असेल, तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन अपील्स बोर्डाकडे प्रकरण दाखल करावे. त्यासाठी सर्वसाधारण मुदत इजेपासून एक वर्षाची आहे. दाखल केल्याने केस क्रमांक मिळतो, पण सुनावणी आपोआप लागत नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. राज्याच्या वर्कर्स कॉम्पेन्सेशन विभागातील माहिती व साहाय्य अधिकारी हे सर्व विनामूल्य समजावून सांगतात. वकील केल्यास त्याची फी सहसा मिळालेल्या भरपाईतून आणि न्यायाधीशाच्या मंजुरीनेच कापली जाते, त्यामुळे हाती पैसे नाहीत म्हणून थांबू नये. वाद चालू असताना घरखर्चासाठी राज्याच्या रोजगार विभागाकडे (ईडीडी) राज्य अपंगत्व विम्याचा अर्ज करता येतो. तो काम बंद झाल्यापासून ४९ दिवसांच्या आत पोहोचला पाहिजे.