वाढत्या देशाच्या टेलिकॉममध्ये परकीय पैसा घालताना: आधी परतीचा रस्ता तपासा

एखाद्या देशाचा मोबाइल बाजार झपाट्याने वाढतोय असं कळलं की गुंतवणूकदार आधी ग्राहकसंख्येचा आलेख उघडतो. तो सगळ्यात शेवटी उघडला तरी चालतं. अशा बाजारांत परकीय पैसा अडकतो तो ग्राहक मिळाले नाहीत म्हणून क्वचितच. नफा झाला पण डॉलर मिळाले नाहीत, परवान्याच्या अटी आड आल्या, हिस्सा विकायला मंजुरी मिळेना, अशा कारणांनी अडकतो. म्हणून तपासणी उलट्या बाजूने करा: पैसे बाहेर कसे निघतील हे आधी, मग परवाना, मग बाजार, आणि भावाची बोलणी त्यानंतर.

पैसे आत येतानाचा कागद

परकीय चलनावर नियंत्रण असलेल्या देशात आत आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेमार्फत नोंद व्हावी लागते. पुढे लाभांश किंवा मुद्दल बाहेर नेताना मध्यवर्ती बँक तीच नोंद मागते. नायजेरियात या कागदाला 'सर्टिफिकेट ऑफ कॅपिटल इम्पोर्टेशन' म्हणतात, आणि पैसे जमा झाल्यापासून 24 तासांत तो बँकेने द्यायचा असतो.

हा कागद किती महागात पडू शकतो ते 2018 साली दिसलं. एमटीएन या दक्षिण आफ्रिकी कंपनीने चुकीच्या प्रमाणपत्रांच्या आधारे 8.1 अब्ज डॉलर बाहेर नेले, ते परत आणा, असा आदेश नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने काढला. वादाचं मूळ दहा वर्षांपूर्वीचं होतं. भागधारकांनी कर्ज म्हणून दिलेली रक्कम प्रेफरन्स शेअर्समध्ये (लाभांशात अग्रहक्क असलेल्या शेअर्समध्ये) बदलली होती, पण तत्त्वतः मंजुरीवर. अंतिम मंजुरी घेतली नव्हती, असं बँकेचं म्हणणं. प्रकरण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुमारे 5.3 कोटी डॉलरवर मिटलं. मिटलं खरं, पण मधले चार महिने कंपनीचा शेअर चांगलाच आपटला होता.

तेव्हा पैसे पाठवण्याआधी स्थानिक बँकेकडून आणि वकिलाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: रक्कम कोणत्या स्वरूपात नोंदली जाईल (शेअर, प्रेफरन्स की कर्ज), कोणाच्या नावावर, आणि किती दिवसांत. भांडवल म्हणून यंत्रसामग्री पाठवणार असाल तर तिची नोंद वेगळ्या मार्गाने होते. ती राहिली तर कागदोपत्री ते भांडवल आलंच नाही असं ठरतं. प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, बँक आणि प्रमाणपत्र क्रमांक एका तक्त्यात ठेवा. पुढे स्वरूप बदलायचं झालं तर अंतिम लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकही नोंद हलवू नका.

दुसरं काम फोनवर होतं. त्या देशात आधीपासून असलेल्या दोन-तीन परकीय कंपन्यांच्या वित्त विभागाला विचारा: लाभांशासाठी डॉलर मागितल्यावर ते मिळायला किती महिने लागले? सरकारी खुलासा काहीही असो, बाजाराची नाडी इथेच कळते. सोबत अधिकृत दर आणि खुल्या बाजारातला दर यांच्यातली तफावत बघा. ती रुंद असेल आणि वाढत असेल, तर अवमूल्यन कधी ना कधी होणारच असं धरून हिशेब मांडा. नायजेरियाने जून 2023 मध्ये नायरा मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला, इथिओपियाने 29 जुलै 2024 ला बिर. दोन्ही चलनं पुढच्या काही महिन्यांत निम्म्याहून खाली आली.

हिशेब साधा आहे. स्थानिक महसूल 100 वरून 120 झाला, चलन मात्र 30 टक्के पडलं, तर डॉलरमध्ये हाती 84 येतात. वाढ वीस टक्के, तोटा सोळा. त्यात कंपनीने डॉलरमध्ये कर्ज काढलं असेल तर चलन निम्मं होताच ते कर्ज स्थानिक हिशेबात दुप्पट. एमटीएन नायजेरियाच्या 2023 च्या ताळेबंदात हेच झालं: धंदा वाढता होता, पण विनिमयाच्या तोट्यामुळे वर्षअखेर 137 अब्ज नायराचा निव्वळ तोटा दिसला. म्हणून आर्थिक मॉडेलमध्ये चलन 40 ते 50 टक्के पडल्याचा एक स्तंभ असलाच पाहिजे, आणि तिथेही कर्जाचे हप्ते भागत नसतील तर स्थानिक चलनातलं कर्ज शोधा. त्याचा व्याजदर बघून डोळे पांढरे होतात, पण एका रात्रीत दुप्पट होणाऱ्या कर्जापेक्षा तो परवडतो.

परवाना शेवटच्या पानापासून वाचा

दंडाची परिशिष्टं बहुधा शेवटी असतात आणि तीच कोणी वाचत नाही. दंड 'प्रति सिम' लिहिलेला असेल तर त्याला वरची मर्यादा आहे का ते बघा. 2015 मध्ये नायजेरियात एमटीएनला नीट नोंदणी नसलेली सुमारे 52 लाख सिम मुदतीत बंद न केल्याबद्दल प्रति सिम 2 लाख नायरा या दराने 1.04 लाख कोटी नायरांचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने 5.2 अब्ज डॉलरचा दंड बसला. पुढे तो 330 अब्ज नायरांवर आला. विकत घेताय त्या कंपनीची सिम-नोंदणी म्हणूनच स्वतः तपासा: काही हजार नोंदी सरसकट उचला, ओळखपत्र क्रमांक, फोटो आणि पत्ता जुळतात का बघा, आणि चुकीचं प्रमाण पूर्ण संख्येला लावून संभाव्य दंड काढा. तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगता येते.

परवान्यात काय दिलंय याइतकंच काय दिलेलं नाही हेही पाहावं लागतं. केनियाच्या सफारिकॉम या मोबाइल कंपनीच्या नेतृत्वाखालच्या गटाने 2021 मध्ये इथिओपियाचा परवाना 85 कोटी डॉलरला घेतला, तेव्हा त्यात मोबाइल मनीची (फोनवरून पैसे पाठवण्या-घेण्याच्या सेवेची) मुभा नव्हती आणि स्वतंत्र टॉवर कंपन्यांनाही देशात दार बंद होतं. मोबाइल मनीचा परवाना 2023 मध्ये मिळाला, त्यासाठी आणखी 15 कोटी डॉलर मोजावे लागले. तुमच्या मॉडेलमधली कमाईची प्रत्येक ओळ परवान्याच्या कोणत्या कलमावर उभी आहे ते समोर लिहा. कलम सापडलं नाही तर ती ओळ खोडा.

स्थानिक भागभांडवलाची अट वेगवेगळ्या रूपांत येते. टांझानियात टेलिकॉम कंपन्यांना 25 टक्के शेअर्स स्थानिक शेअर बाजारात विकणं कायद्याने बंधनकारक झालं. 2017 मध्ये व्होडाकॉम टांझानियाचा इश्यू आला, पण स्थानिक खरेदीदार पुरेसे मिळेनात. मुदत वाढवावी लागली आणि शेवटी परदेशी लोकांनाही दार उघडावं लागलं. अशी अट असेल तर तेवढे शेअर्स पचवण्याची ताकद तिथल्या बाजारात आहे का, हे आधी बघा.

परवाना मूळ मालकाला कसा मिळाला होता? उघड लिलावातून मिळालेला बरा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 ला 122 परवाने रद्द केले, कारण वाटपाची पद्धतच सदोष ठरली. ज्यांनी नंतर हिस्सा विकत घेतला त्या परदेशी कंपन्याही त्यात भरडल्या गेल्या. वाटपावेळची निविदा, निकालपत्र आणि न्यायालयात काही चालू आहे का, हे तिन्ही मागवा.

आता बाजार

सिमची संख्या म्हणजे माणसं नव्हेत. समजा लोकसंख्या 10 कोटी आणि सिम 6 कोटी. अजून 40 टक्के बाजार मोकळा असं सादरीकरणात लिहिलेलं असेल. एका माणसाकडे सरासरी दीड सिम असेल तर ग्राहक झाले 4 कोटी. तरुण देशात 15 वर्षांखालची मुलं 40 टक्क्यांपर्यंत असू शकतात, म्हणजे मोठी माणसं 6 कोटी. उरले 2 कोटी, आणि त्यांतले बरेचसे जिथे टॉवर नाही, वीज नाही किंवा हँडसेट घ्यायला पैसे नाहीत तिथले. हा बाजार ग्राहकांनी वाढणार नाही, डेटाच्या वापराने वाढेल. 'सक्रिय ग्राहक' 30 दिवसांवर मोजलाय की 90 दिवसांवर, तेही विचारा. 90 दिवसांच्या आकड्यात टाकून दिलेली सिमही धरली जातात.

आर्पू, म्हणजे दर ग्राहकामागचा मासिक महसूल, पाच वर्षांचा मागा आणि तो डॉलरमध्ये मांडा. दर ठरवताना नियामकाचा हात किती घट्ट आहे हे त्यात लगेच दिसतं. नायजेरियात 2013 नंतर दरवाढ थेट जानेवारी 2025 मध्ये मंजूर झाली, तीही एकदम 50 टक्क्यांपर्यंत. मधली महागाई कंपन्यांनीच सोसली.

स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कंपनीला मिळालेल्या रेडिओ लहरींमध्ये, 700 ते 900 मेगाहर्ट्झचा पट्टा हातात आहे का ते पाहा. हा लांब पोचतो. फक्त 1800 किंवा 2100 वर ग्रामीण भाग झाकायचा तर कितीतरी जास्त टॉवर लागतात आणि भांडवली खर्चाचा अंदाज तिथेच कोसळतो.

कोणत्या दाराने आत जायचं

नवा परवाना घेऊन शून्यापासून उभं राहणं हा सगळ्यात लांबचा रस्ता. खिसा खोल असेल आणि जुना प्रतिस्पर्धी आळशी असेल तरच. चालू कंपनीत हिस्सा घेणं जलद, पण जुन्या कराच्या आणि ऑडिटच्या मागण्याही सोबत येतात.

मध्यम भांडवलाला टॉवर उभारून ते मोबाइल कंपन्यांना भाड्याने देणं अनेकदा जास्त मानवतं. गणित भाडेकरूंवर चालतं: एकाच टॉवरवर दुसरी कंपनी आली की भाडं जवळजवळ दुप्पट होतं, खर्च मात्र थोडाच वाढतो. पण देशात दोनच मोठे ऑपरेटर असतील आणि एकाचं जाळं पूर्ण झालेलं असेल, तर दुसरा भाडेकरू येणार कुठून? करारात चार कलमं शोधा: मुदत, महागाईनुसार वाढ, डॉलरशी जोडलेला भाग, आणि डिझेलचा भाव वाढला तर तो कोणाच्या माथी. डॉलरशी जोडलेलं भाडं कागदावर छान दिसतं, पण चलन कोसळलं की भाडेकरूच मेटाकुटीला येतो. आयएचएस ही टॉवर कंपनी आणि एमटीएन नायजेरिया यांनी ऑगस्ट 2024 मध्ये करार नव्याने केला तेव्हा डॉलरचा भाग कमी केला आणि डिझेलशी जोडलेला भाग घातला. असा मिश्र करार जास्त टिकतो.

सही करण्याआधी

ठरलेल्या किमान भावाला हिस्सा परत विकण्याचा हक्क करारात घातला म्हणून निर्धास्त राहू नका. जपानच्या डोकोमोने 2009 मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये 26.5 टक्के हिस्सा घेताना खरेदीच्या निदान निम्म्या किमतीची हमी घेतली होती. 2014 मध्ये ती वापरायला गेल्यावर रिझर्व्ह बँकेने नियमावर बोट ठेवलं: विक्री त्या वेळच्या वाजवी मूल्यानेच. लवादाचा 1.17 अब्ज डॉलरचा निवाडा झाला, आणि पैसे मिळेपर्यंत 2017 उजाडलं. असं कलम घालण्यापूर्वी ते चलन-कायद्यात बसतं का, यावर मत घ्या, आणि वाद झाल्यास लवादाची जागा त्रयस्थ देशात ठेवा.

मालक कंपनी परदेशात विकली तरी धंदा चालतो त्या देशाचा कर लागतो का, हेही लेखी विचारा. व्होडाफोनचा भारतातला हा वाद 2007 च्या खरेदीवरून सुरू झाला आणि 2021 मध्ये पूर्वलक्षी कर मागे घेईपर्यंत चालला.

राजकीय जोखमीचा विमा घ्यायचा असेल तर पैसे गुंतवण्याआधी अर्ज करावा लागतो. जागतिक बँक गटाची मिगा ही संस्था चलन बाहेर नेण्यावरची बंदी, सरकारी जप्ती, युद्ध आणि करारभंग यांवर हमी देते. सफारिकॉम इथिओपियासाठी तिने 2023 मध्ये सुमारे 1 अब्ज डॉलरच्या हमी दिल्या. मात्र खरेदीदार निवडण्याचं स्वातंत्र्य कोणताच विमा देत नाही. म्यानमारमध्ये 2021 च्या लष्करी उठावानंतर नॉर्वेच्या टेलिनॉरने आपली तिथली कंपनी 10.5 कोटी डॉलरला विकायचं ठरवलं, तर मंजुरी मार्च 2022 मध्ये, तीही स्थानिक भागीदार घेण्याच्या अटीवर मिळाली.

रक्कम एकदम देऊ नका. पहिला हप्ता नियामकाची मालकी-बदलाची मंजुरी आल्यावर, दुसरा पहिल्या रकमेचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के जुन्या कर-मागण्यांची मुदत संपेपर्यंत एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे अडकवून ठेवलेल्या खात्यात. ते खातं त्या देशाबाहेरच्या बँकेत आणि डॉलरमध्ये असू द्या.