जुनी गाडी दुरुस्त करायची की बदलायची? निर्णय घेताना या चुका टाळा

मेकॅनिकने ६० हजारांचा अंदाज दिला आणि गाडी विकली तर हातात येणार जेमतेम दीड लाख. "एवढ्या जुन्या गाडीवर इतके पैसे कशाला घालायचे?" असं घरात कुणीतरी म्हणतंच, आणि त्याच रविवारी शोरूमची फेरी होते. पण हा हिशोबच चुकीचा मांडलेला असतो. दुरुस्तीचा खर्च ताडून बघायचा तो पुढच्या गाडीच्या खर्चाशी. ६ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता साधारण १२,४५० रुपये बसतो; डाउन पेमेंट आणि नव्या गाडीचा विमा वेगळा. म्हणजे ६० हजार हे पाच हप्तेसुद्धा नाहीत. तेवढ्या कामावर गाडी दोन वर्षं निर्धास्त चालणार असेल, तर काम करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे हिशोब आजच्या किमतीने करा, जुन्या कोटेशनवर नको.

गाडी दोन वर्षं चालेल का, हे मात्र इंजिनावरून ठरवू नका.

इंजिन ऐकलं, पत्रा बघितलाच नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रिंग-पिस्टन, क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर हे सगळं बदलता येतं. कुजलेला साटा, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, बदलता येत नाही. रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि खालून पोखरलेली. म्हणून मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून घ्या. जॅक लावतो ती जागा, दाराखालची पट्टी, स्टेपनीचा खड्डा आणि बॉनेटखाली शॉकअप जिथे बसतो तो भाग नीट बघा. पुढच्या मॅट उचलून कार्पेटखाली हात घाला. ओल लागली तर तिथला पत्राही तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला दबतो आणि खपल्या पडतात. वरवरचा गंज घासून, प्रायमर मारून थांबवता येतो. पण शॉकअप बसतो तिथे किंवा सांगाड्याच्या भागात भोकं पडली असतील, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी त्या गाडीत मोठे पैसे घालू नका. पुट्टी आणि रंगाने ते फक्त झाकलं जातं. धडक बसली की तोच भाग आधी दुमडतो.

निदान न करता सुटे भाग बदलणे

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की "हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल" असं लगेच ऐकायला मिळतं. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानेही ती साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का? कूलंट कमी होतंय का? घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो का? सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का? यातलं काहीच नसेल तर आधी एक लांबची फेरी मारून पुन्हा बघा. शंका राहिलीच तर हेड उतरवण्याआधी कूलिंगची प्रेशर टेस्ट आणि इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट मागा.

एसीचंही तसंच: दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर गळती शोधा.

"१५ वर्षं झाली, आता भंगारच"

डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं हा नियम दिल्ली-एनसीआरसाठी आला, तो महाराष्ट्राला लागू नाही. इथे खासगी गाडीच्या नोंदणीचं १५ वर्षांनी तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. खर्च मात्र वाढला आहे: एप्रिल २०२२ मध्ये कारचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर. २० वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये ते १०,००० झालं. आरसीवरची तारीख जवळ आली असेल तर हे आकडे दुरुस्तीच्या अंदाजात धरा.

सुरक्षेचा हिशोब न धरणे

एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग प्रत्येक नव्या कारला २०१९ मध्ये सक्तीची झाली. त्याआधीच्या बेसिक मॉडेलांत बहुतेक वेळा दोन्ही नसतात, आणि कोणतीही दुरुस्ती ती देऊ शकत नाही. गावात भाजी-शाळा एवढंच असेल तर ठीक. दर शनिवारी मुलांना घेऊन एक्सप्रेसवेवर जात असाल, तर पत्रा आणि इंजिन ठणठणीत असूनही मी गाडी बदला असंच सांगेन.

आधीच्या खर्चात अडकणे

"मागच्याच दिवाळीत ४० हजार घातले" म्हणून पुढचे ४० घालू नका. ते पैसे गेले. आता फक्त पुढचं काम आणि पुढचे महिने बघा. आणि गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली असताना विकू नका, भाव पडूनच मिळतो.

द्यायची ठरली तर कागद अर्धवट ठेवणे

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटच्या हाती देणं पुरेसं नाही. आरसीवर नाव बदललं का ते स्वतः तपासा. नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागितली जाऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. भंगारात देत असाल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, डिपॉझिट सर्टिफिकेट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते ३ वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतं. आणि जुना फास्टॅग बँकेकडून बंद करा.