बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्याआधी

या कामाला येणाऱ्या बहुतेकांना बंदुकांची आवड असते. कुठलं मॉडेल कुठल्या साली आलं, कुणाचा ट्रिगर हलका, कुठली रायफल लांबवर नीट लागते, सगळं तोंडपाठ. सुरुवातीला या माहितीचा फारसा उपयोग होत नाही, हे मी नव्यांना आधीच सांगून टाकते. काउंटरवरचं खरं काम हातबदलाचं आहे. कपाटातून माझ्या हातात, माझ्याकडून गिऱ्हाइकाकडे, त्याच्याकडून सोबत आलेल्या भावाकडे, तिथून परत माझ्याकडे. दिवसभर हेच चालतं. आणि बंदूक परत हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं, मग मधे ती अर्धा मिनिट का दुसऱ्याकडे गेलेली असेना.

शेजारच्या सहकाऱ्यानं तुमच्या डोळ्यांदेखत चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, गोळी बसते ती जागा) उघडून दाखवला आणि पिस्तूल तुमच्या हातात दिलं, तरी तुम्ही पुन्हा उघडून बघायचं. नव्यांना याचा संकोच वाटतो. आपण त्याच्यावर अविश्वास दाखवतोय असं वाटतं. चांगल्या दुकानात उलट असतं: न तपासता ठेवून दिलीत तर तोच सहकारी तुम्हाला हाक मारून परत बोलावेल.

सुरक्षिततेचे चार नियम तुम्ही ऐकले असतीलच. आज ते ज्या रूपात सांगितले जातात ते बरंचसं जेफ कूपर यांचं देणं आहे. हे अमेरिकी मरीन अधिकारी, त्यांनी १९७६ मध्ये अ‍ॅरिझोनात नेमबाजीची शाळा काढली. प्रत्येक बंदूक भरलेली समजा. ज्याचा नाश तुम्हाला चालणार नाही त्यावरून नळी फिरू देऊ नका. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवा. लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. हे नियम गोळी झाडणाऱ्यासाठी केलेले आहेत. रेंजवर ते पाळणं त्या मानानं सोपं, कारण तिथे सगळे एका रेषेत उभे असतात आणि समोर मातीचा बांध असतो. दुकानात समोर गिऱ्हाईक, डावीकडे सहकारी, उजवीकडे बिलाच्या रांगेतली माणसं, पाठीमागे गोदाम आणि वर कदाचित दुसरा मजला. ‘नळी सुरक्षित दिशेला ठेवा’ म्हणायला काय जातं! पण इथे ती दिशा कुठली?

म्हणून ही दिशा दुकान उघडण्याआधी ठरलेली असावी लागते. पार्टिशनची भिंत दिशा म्हणून धरायची नाही. पातळ बोर्डाच्या भिंतीतून पिस्तुलाची गोळीसुद्धा सहज पलीकडे जाते आणि पलीकडे कोण बसलंय ते तुम्हाला दिसत नाही. बऱ्याच दुकानांत काउंटरमागे वाळू भरलेला जाड डबा किंवा गोळी अडवणारा तयार ट्रॅप असतो. बंदूक रिकामी करताना नळी त्यात. तो डबा दोन पावलांवर हवा. लांब असला की माणसं कंटाळा करतात.

आता रिकामी करण्याचा क्रम. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मॅगझिनच्या (गोळ्या भरलेल्या, काढता येणाऱ्या डबीच्या) पिस्तुलात आधी मॅगझिन बाहेर, मगच स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे. उलट केलं तर काय होतं ते एकदा बनावट (दारू नसलेली, सरावाची) काडतुसं भरून स्वतः करून बघा. स्लाइड ओढली, चेंबरमधली गोळी बाहेर उडाली, बघणाऱ्याला वाटलं झालं काम. पण स्लाइड पुढे जाताना तिनं मॅगझिनमधली पुढची गोळी उचलून चेंबरमध्ये ढकलली. त्यानंतर तुम्ही मॅगझिन काढलंत. आता हातात मॅगझिन नसलेलं, रिकामं दिसणारं आणि भरलेलं पिस्तूल आहे. ब्राउनिंग हाय पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन नसेल तर ट्रिगर चालत नाही, पण सगळीकडे ही सोय नसते. कुठल्या पिस्तुलात ती आहे हे आठवत बसण्यापेक्षा ती कुठेच नाही असं समजून वागलेलं बरं.

स्लाइड मागे अडकवली की चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा, नजर दुसरीकडे न्या आणि पुन्हा बघा. दुसऱ्यांदा बघायला सांगितलं की नवी मुलं हसतात. डोळ्यांना जे दिसायला हवं असतं तेच ते पटकन बघतात, आणि पन्नासाव्या पिस्तुलाला तर बघतही नाहीत. बोटाला मात्र पितळ लागल्याशिवाय राहत नाही. सेफ्टीच्या खटक्यावर भिस्त ठेवू नका. तो यांत्रिक भाग आहे, झिजतो, बिघडतो, आणि ग्लॉकसारख्या पिस्तुलांना बाहेरून लावायचा खटका नसतोच. त्याच ग्लॉकची स्लाइड साफसफाईसाठी उतरवायची तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. गिऱ्हाइकाला ते सुटं करून दाखवायचं असेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

रिव्हॉल्व्हर त्या मानानं सरळ. सिलिंडर, म्हणजे गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग, बाहेर काढला की सगळी घरं एका नजरेत दिसतात. जुन्या सिंगल अ‍ॅक्शन (हॅमर, म्हणजे काडतुसावर मार देणारा भाग, दर वेळी हातानं मागे ओढावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर असा बाहेर येत नाही. बाजूचं झाकण उघडून एकेक घर फिरवत बघावं लागतं, आणि पूर्ण फेरी झाल्यावर आणखी एक-दोन घरं पुढे जायचं. १८७३ च्या कोल्टच्या धर्तीवर केलेल्या अशा रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर थेट काडतुसावर टेकलेला राहू शकतो. ते जमिनीवर आपटलं तर ट्रिगरला कुणी हात न लावता गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या ठेवत आणि हॅमर रिकाम्या घरावर टेकवत. रुगरनं १९७३ मध्ये आपल्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमरचा मार काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी पट्टी) आणला आणि तिथे हा धोका मिटला. विकायला येणाऱ्या जुन्या मालात मात्र त्याआधीची रिव्हॉल्व्हरं अजून येतात.

जुना माल हे तर वेगळंच प्रकरण. नव्या पेटीतली बंदूक निदान कारखान्यातून येते. घरून आणलेली कुठून कशी आली ते आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्याकडे एक गृहस्थ पॉइंट टू-टूची रायफल घेऊन आले. वडिलांची, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली, ‘रिकामीच आहे, कुणी हातसुद्धा लावला नाही’. मी त्यांना बॅग उघडू दिली नाही. बंद बॅग काउंटरवर आडवी ठेवायला सांगितली आणि नळीचं टोक कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. ते टोक वाळूच्या डब्याकडे येईल अशी बॅग फिरवली, मग चेन उघडली. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे घेतला. चेंबर स्वच्छ, त्यात धूळ आणि सुकलेलं तेल. ते म्हणाले, ‘बघा, म्हटलं होतं ना.’

या रायफलीचं मॅगझिन नळीखालच्या लांब नळकांड्यात असतं. त्याची आतली दांडी पुढून ओढून बाहेर काढायची, नळी खाली झुकवायची आणि हलवायची. काही पडलं नाही. मी बोल्ट पुन्हा दोनदा मागेपुढे केला, नळी परत झुकवली. तेव्हा आत कुठेतरी चिकटून बसलेलं एक काडतूस घरंगळत काउंटरच्या मखमलीवर आलं. पितळ हिरवं पडलेलं, शिशाच्या टोकावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. गृहस्थ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, बोलायचंही नसतं. काडतूस वेगळ्या डब्यात, रायफल कारागिराकडे, बाकीचं त्यानंतर.

पंप शॉटगनचंही असंच. अ‍ॅक्शन (काडतूस भरण्या-काढण्याची यंत्रणा) उघडलेली आहे, चेंबर रिकामा आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. नळीखालच्या नळकांड्यात बोट घालून मॅगझिनचा फॉलोअर (काडतुसं पुढे ढकलणारा भाग) लागतो का बघा. काडतुसाचा पितळी बुडखा लागला तर लगेच कळतं. आणि गंजून बोल्टच उघडत नसेल तर ती भरलेली समजून तशीच कारागिराच्या हवाली करायची. जोर लावून, आपटून, तेल ओतून बघायचं काम आपलं नाही.

गिऱ्हाइकाच्या हातात देताना अ‍ॅक्शन उघडी, नळी ठरलेल्या दिशेला, मूठ त्याच्याकडे. आधी त्याला रिकामा चेंबर दाखवा आणि त्यालाही बघायला सांगा. एका माणसासमोर एका वेळी एकच बंदूक. दुसरी काढण्यासाठी वळायचं असेल तर आधी पहिली परत घ्या. ट्रिगर दाबून बघायचा असेल तर त्यानं विचारावं अशी सवय लावा, आणि रिमफायर (ज्यात काडतुसाच्या बुडाच्या कडेवर मार बसतो ती, उदाहरणार्थ पॉइंट टू-टू) असेल तर नाही म्हणा. त्यात काडतूस नसताना फायरिंग पिन (मार देणारी सुई) चेंबरच्या काठावर आदळून काठ खराब होतो.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत वाचल्याचं मला आठवत नाही, दुकानात मात्र ती रोज घडते. माणूस पिस्तूल धरतो, बरोबर धरतो, बोट सरळ, नळी भिंतीकडे. मग त्याला सोबत्याचं मत हवं असतं. ‘कसं वाटतंय?’ म्हणून तो वळतो, आणि त्याच्या खांद्याबरोबर हात वळतो, हाताबरोबर नळी. अर्ध्या सेकंदात ती बायकोच्या पोटावरून, मुलाच्या डोक्यावरून, बिलाच्या रांगेवरून फिरून येते. त्याला कळतसुद्धा नाही. यावर माझा उपाय साधा आहे. पिस्तूल हातात देण्याआधीच सोबतच्या माणसाला त्याच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभं करायचं. मग वळायची गरजच उरत नाही.

तरी चुकलंच तर काय बोलायचं, हे आधी पाठ करून ठेवा. ‘अहो, सांभाळून!’ म्हटलं तर माणूस दचकतो, आणि दचकलेल्या माणसाची बोटं आवळली जातात. ‘हे धोकादायक आहे’ म्हटलं तर त्याचा पारा चढतो. त्याला पुढे काय करायचं तेवढंच सांगा: ‘नळी इकडे,’ आणि हातानं दिशा दाखवा. ‘बोट सरळ, बाजूला.’ ‘काउंटरवर ठेवा.’ आवाज तोच, जो किंमत सांगताना असतो. नळीच्या समोर हात नेऊन ती ढकलायला जाऊ नका. अनुभवी गिऱ्हाईक सगळ्यात अवघड, कारण त्याला राग येतो. नवखा उलट आभार मानतो. अनुभव सांगणाऱ्यालाही तेच वाक्य, त्याच आवाजात. दोनदा सांगून ऐकलं नाही तर बंदूक कपाटात परत. जिथे कायद्यानं लोक स्वतःचं पिस्तूल बाळगू शकतात तिथे ते दुकानात म्यानातच राहायला हवं. ‘हे या म्यानात बसतं का बघू’ म्हणत भरलेलं पिस्तूल उपसणारे भेटतात.

हातातून निसटलं तर पडू द्या. आजची बहुतेक पिस्तुलं पडून सुटू नयेत अशीच बनवलेली असतात. हवेत झेलायला गेलात तर बोट नेमकं ट्रिगरमध्ये जाण्याची शक्यता जास्त. जुन्या रिव्हॉल्व्हरचं वर सांगितलंच आहे. म्हणून ते काउंटरच्या काठावर ठेवायचंच नाही.

काडतुसं काउंटरवर नकोत. बंदूक दाखवण्याची जागा वेगळी, काडतुसांची वेगळी, आणि सरावाची बनावट काडतुसं लांबून ओळखू येतील अशा रंगाची. काडतूस देताना खोक्याच्या रंगावर किंवा गिऱ्हाइकाच्या आठवणीवर जाऊ नका. नळीवर कोरलेलं वाचा आणि काडतुसाच्या बुडावरचंही वाचा. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या बंदुकीत टाकलं तर ते चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. चेंबर रिकामा दिसतो, माणूस वर १२ चं भरतो, ते झाडलं की नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली. रायफलीत .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ या काडतुसांची जोडी अशीच. दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात, पण ब्लॅकआउटची गोळी .२२३ च्या नळीपेक्षा जाड. काही वेळा ती चेंबरमध्ये बसतेही, आणि मग झाडल्यावर रायफल फुटते. ‘दोन्ही द्या, घरी आहेत दोन्ही रायफली’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगितल्याशिवाय मी बिल करत नाही.

वापरलेल्या बंदुकांवर शिशाचा अंश असतो. जेवणाआधी साबणानं हात धुवा, काउंटरवर चहा-खाणं नको. बस, इतकंच.

विक्रीला नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे का, हे रुजू होण्याआधी मालकाला स्पष्ट विचारा. कागदपत्रं पूर्ण असूनही माणूस अस्वस्थ असतो, कुठली बंदूक याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, निगा कशी राखायची हे ऐकायचं नसतं, एकच डबी काडतुसं हवी असतात आणि घाई असते. अशा वेळी बोलत राहा, वरिष्ठाला बोलवा, आणि शंका राहिली तर आज नको म्हणा. काही मालक विक्रेत्याच्या या ‘नाही’ला पाठीशी घालतात, काही घालत नाहीत.

त्याच बैठकीत आणखी विचारायचं ते असं: तपासताना नळी कुठे करायची ते मला आत्ता दाखवाल का? घरून आणलेल्या बंदुका आधी कोण उघडतं? रात्री कपाटं कोण बंद करतं आणि सकाळी पुन्हा तपासतं का? गिऱ्हाइकाला मी टोकलं आणि त्यानं तुमच्याकडे तक्रार केली तर तुम्ही काय म्हणाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालकानं हसण्यावारी नेलं तर दुसरं दुकान शोधा.