पुस्तकातून नवा पदार्थ करताना

स्वयंपाकाचा कंटाळा येतो तेव्हा तो बहुधा कामाचा नसतो. ‘आज काय करायचे’ हा प्रश्न रोज पडतो आणि त्याचे उत्तर रोज तेच निघते, त्याचा असतो. हात सवयीने चालतात, मीठ अंदाजाने पडते आणि पातेल्यात काय शिजले आहे हे झाकण काढण्यापूर्वीच घरातल्या सर्वांना ठाऊक असते. पाककृतींचे पुस्तक अशा वेळी उपयोगी पडते, कारण काय करायचे आणि कसे करायचे हे दोन्ही निर्णय काही काळ दुसऱ्यावर सोपवता येतात. मात्र ते खरोखर सोपवावे लागतात. बहुतेकांचे घोडे इथेच अडते: पुस्तक समोर उघडे असते, पण पदार्थ आपल्याच हातचा, नेहमीच्याच चवीचा होतो.

सुरुवात एकाच पुस्तकाने करावी आणि निदान महिना-दीड महिना तेच वापरावे. प्रत्येक लेखकाचा हात वेगळा असतो; कोणाचे मीठ सढळ, कोणाचे तिखट बेताचे, तर कोणाचा ‘मध्यम आच’ हा शब्द आपल्या शेगडीवरच्या मंद आचेच्या जवळ जाणारा. तीन-चार पदार्थ केल्यावर हा हात ओळखीचा होतो आणि पाचव्या वेळी पुस्तकात एक चमचा मीठ लिहिलेले असले, तरी आपल्याला पाऊण पुरेल हे कळते. दर वेळी वेगळ्या लेखकाची कृती घेतली, तर ही ओळख कधीच होत नाही.

पदार्थ निवडताना छायाचित्रांना भुलू नये. पुस्तकाच्या शेवटी सूची असेल तर ती आधी उघडावी, घरात जे पडून आहे त्याचे नाव शोधावे आणि त्यापुढे दिलेली पाने पाहावीत. सूची हा पुस्तकातील सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत कामाचा भाग आहे. निवडीचा निकष सोपा ठेवावा: नव्या पदार्थात एकच गोष्ट नवी असावी. जिन्नस अनोळखी असेल तर कृती ओळखीची असावी, आणि कृती नवी असेल तर जिन्नस रोजच्या वापरातले असावेत. दोन्ही नवे असले, तर बिघाड कशामुळे झाला हे शेवटपर्यंत उमगत नाही. आठवड्यातून एक नवा पदार्थ पुरे, तोही घाई नसलेल्या दिवशी आणि जेवणात दुसरे काही हमखास जमणारे असताना. पाहुणे यायच्या दिवशी तर मुळीच नको.

कृती दोनदा वाचावी. पहिले वाचन आदल्या दिवशी करावे. मी एकदा साहित्याची यादी पाहून, सर्व काही घरात आहे अशा समाधानात, संध्याकाळी सात वाजता ओटा मांडला आणि तिसऱ्या ओळीतील ‘रात्रभर भिजलेली कडधान्ये निथळून घ्यावीत’ हे वाक्य वाचून पुस्तक मिटले. खरे काम क्रियापदांत दडलेले असते. ‘भिजवलेले’, ‘उकडून सोललेले’, ‘खोलीच्या तापमानाला आलेले’ हे यादीतील शब्द दिसतात विशेषणांसारखे, पण त्यांच्यामागे अर्ध्या तासापासून अख्ख्या रात्रीपर्यंतचा वेळ असतो, आणि पुस्तकात छापलेल्या ‘एकूण वेळे’त तो क्वचितच धरलेला असतो. ‘एक कप चिरलेली पालेभाजी’ आणि ‘एक कप पालेभाजी, चिरून’ या दोन मापांतही फरक आहे, कारण चिरलेली भाजी कपात अधिक मावते.

मापांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण बिघडलेल्या पदार्थांपैकी बरेचसे मापातच बिघडतात. चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा धरतात. मोठा चमचा बहुतेक देशांत 15 मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात 20 मिलिलिटरचा असतो. अमेरिकी पुस्तकांतील कप सुमारे 240 मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियातील 250 मिलिलिटरचा असतो. ब्रिटिश पिंट 568 मिलिलिटर आणि अमेरिकी पिंट 473 मिलिलिटर, म्हणजे फरक जवळजवळ शंभराचा. त्यामुळे पुस्तक कुठले आहे हे पाहून घ्यावे आणि सुरुवातीच्या पानांवर मापांचा तक्ता असेल तर तो वाचावा. पुस्तकात ‘वाटी’ असेल, तर घरातील एक वाटी ठरवून टाकावी आणि तिच्यात किती पाणी मावते हे एकदा मोजून ठेवावे.

पिठाच्या बाबतीत कपही पुरेसा विश्वासार्ह नाही. कप थेट मैद्यात बुडवून भरला तर त्यात 140 ते 150 ग्रॅम मैदा बसतो. तोच कप चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सुरीने सपाट केला, तर सुमारे 120 ते 125 ग्रॅम. तीन कप मैद्याच्या कृतीत हा फरक पाऊण कपाच्या घरात जाऊ शकतो, आणि मग केक कोरडा झाल्याचा दोष भट्टीला दिला जातो. भाजून करायच्या पदार्थांसाठी म्हणूनच वजनकाटा हवा. पातळ रस्सा किंवा सूप करताना त्यावाचून काही अडत नाही. मिठाचेही असेच आहे: चमचाभर बारीक मीठ हे चमचाभर जाड खड्यांच्या किंवा पापुद्र्यांच्या मिठापेक्षा वजनाने बरेच जास्त भरते. भट्टीच्या तापमानाचे आकडे अंश फॅरनहाइटमध्ये आहेत की सेल्सिअसमध्ये, हे पाहणे इतके उघड आहे की ते विसरले जाते. 350 अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे 177 अंश सेल्सिअस. भट्टीत पंखा असेल आणि कृती साध्या भट्टीसाठी लिहिलेली असेल, तर तापमान साधारण 20 अंश सेल्सिअसने कमी ठेवावे.

पुस्तकातील मिनिटे हा अंदाज समजावा आणि भरवसा वर्णनावर ठेवावा. कांद्याचे उदाहरण घ्या. ‘कांदा गडद तपकिरी होईपर्यंत दहा मिनिटे परतावा’ हे वाक्य पुस्तकापुस्तकांतून आढळते आणि ते क्वचितच खरे असते. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. हे पाणी कढईत आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही, आणि तपकिरी रंग व त्यासोबतचा गोडसर, खमंग वास येण्यासाठी त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून आधी कांदा मऊ पडतो, पारदर्शक होतो, कढईच्या तळाशी सुटलेले पाणी चुरचुरत असते. मग हा आवाज हळूहळू कोरडा होतो, कडा सोनेरी दिसू लागतात आणि त्यानंतर रंग झपाट्याने चढतो. अर्धा किलो कांद्याला मंद आचेवर यासाठी सहज चाळीस मिनिटे लागतात. घड्याळावर विसंबून दहाव्या मिनिटाला पुढचा जिन्नस घातला, की रस्सा फिका आणि कच्चट लागतो, आणि कृतीच वाईट होती असा निष्कर्ष निघतो. आच वाढवून दहा मिनिटांचा हट्ट पुरवला, तर कडा करपतात आणि गाभा तसाच राहतो.

सर्व काही आधी चिरून वाट्यांमध्ये मांडून ठेवावे, असा सल्ला सरसकट दिला जातो. तो मला अर्धाच पटतो. तेज आचेवर पाच मिनिटांत होणाऱ्या पदार्थाला ही मांडणी अत्यावश्यक आहे, कारण तेथे आले किसायला वळलात तर लसूण जळतो. जो पदार्थ तासभर मंद शिजणार आहे, त्याची मात्र पुढची तयारी शिजण्याच्या वेळात खुशाल करावी. उगाच डझनभर वाट्या विसळण्याची गरज नाही.

पहिल्या वेळी पुस्तकाचे शब्दशः ऐकावे. बदल करण्याचा हक्क दुसऱ्या वेळेचा. जिन्नस मिळतच नसेल तर पर्याय घ्यावा, पण कोठे घेता येतो हे जाणून. एका पालेभाजीऐवजी दुसरी चालते, ताज्या पाल्याऐवजी त्याच्या एक तृतीयांश वाळवलेला चालतो. बेकिंग पावडरऐवजी खाण्याचा सोडा तेवढ्याच मापाने चालत नाही, कारण सोड्याला फुलण्यासाठी मिश्रणात आंबट काहीतरी असावे लागते आणि तो कितीतरी पटींनी तीव्र असतो. प्रमाण निम्मे करायचे असल्यास अंडे फेटून त्यातील अर्धे वजनाने घ्यावे. कवचाविना मोठे अंडे साधारण 50 ग्रॅम भरते. केकचे भांडेही लहान घ्यावे, पण 20 सेंटिमीटर व्यासाच्या भांड्याच्या निम्म्या तळाचे, म्हणजे 14 सेंटिमीटर व्यासाचे; 10 सेंटिमीटरचे घेतले तर त्याचा तळ पावपटच असतो. प्रमाण दुप्पट करताना कढईत गर्दी करू नये, अन्यथा भाजी परतली जाण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत शिजते. दोन घाण्यांत करावी.

काही बिघडलेच, तर घाबरून चार गोष्टी एकदम घालू नयेत. पदार्थ फिका लागल्यास आधी चिमूटभर मीठ, मग लिंबाचे चार थेंब, आणि प्रत्येक वेळी चव घेऊन पाहणे हा क्रम पाळावा. खारट झाल्यास बटाटा घालण्याचा जुना उपाय फारसा चालत नाही. बटाटा खारट पाणी शोषतो, मीठ तेवढे वेचून काढत नाही. बिनमिठाचे पाणी, शिजवलेली डाळ किंवा भाज्या घालून पदार्थच वाढवावा.

जेवण झाल्यावर, भांडी घासण्यापूर्वी, पानाच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवावे. ‘छान झाले’ असे लिहून काही उपयोग नाही. ‘कांद्याला 40 मिनिटे. मीठ पाऊण चमचा. चौघांना म्हटले आहे, तिघांनाच पुरले. सहा इंची कढई लहान पडली’ असे लिहावे आणि तारीख घालावी. दुसऱ्या वेळी याच टिपांप्रमाणे करावे आणि हवा तो बदल तेव्हा करावा. तरीही पदार्थ आवडला नाही, तर समासात फुली मारून सूचीतील पुढचे पान उघडावे.