शिक्षकांना वर्गात नवं तंत्रज्ञान वापरायला कसं तयार करावं

एका शाळेत वर्गात प्रोजेक्टर बसला आणि महिन्याभरात त्यावर कापडी झाकण चढलं, ते तसंच राहिलं. पहिल्या आठवड्यात भाषा शिकवणाऱ्या एका बाईंनी तो वापरून पाहिला होता. पंचवीस वर्षांचा अनुभव, वर्गावर पूर्ण पकड, त्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यावी. त्या दिवशी पडद्यावर चित्र दिसत होतं, पण आवाज येईना. बाई केबल काढतायत, परत लावतायत, मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली आणि एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, मी करू का?" सात मिनिटं गेली. दुसऱ्या दिवसापासून बाई पुन्हा खडू-फळ्यावर. स्टाफरूममध्ये ही गोष्ट पसरायला मधली सुट्टी पुरली आणि बाकीच्यांनी त्या यंत्राला हातच लावला नाही.

प्रोजेक्टर नादुरुस्त नव्हता. प्रशिक्षणही झालं होतं. मीच दिलं होतं, सभागृहात, चाळीस जणांना एकदम, तीन तासांचं. शिक्षकाला तंत्रज्ञानाची नव्हे, आपल्याच विद्यार्थ्यांसमोर अडाणी ठरण्याची धास्ती असते, हे मला त्या प्रसंगाने शिकवलं. पुढे माझी कामाची पद्धतच बदलली. खालच्या पायऱ्या त्या बदललेल्या पद्धतीच्या आहेत. मुख्याध्यापकांना, विषयप्रमुखांना आणि सहकाऱ्यांनाही हे जमावं अशी तळमळ असलेल्या कोणत्याही शिक्षकाला त्या वापरता येतील.

१. आधी विचारा, सुचवायचं नंतर

"तुम्हाला कोणतं अॅप शिकायला आवडेल?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बघू, वेळ मिळाला की." त्याऐवजी विचारा, "सर, असा कोणता धडा आहे जो दरवर्षी शिकवता, पण मनासारखा उतरत नाही?" या प्रश्नावर माणूस बोलायला लागतो, कारण इथे त्याचा अनुभव मोठा असतो आणि तुम्ही ऐकणारे असता.

ऐकताना लिहून घ्या, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. "आकृती काढण्यातच अर्धा तास संपतो." "प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात." "वह्या तपासून होईपर्यंत मुलं पुढच्या धड्यावर गेलेली असतात." यातल्या काही तक्रारींवर तंत्रज्ञानाचा उपाय असतो, काहींवर नसतो. वर्गात साठ मुलं आहेत ही अडचण कोणतंही अॅप सोडवणार नाही आणि तसं स्पष्ट सांगितलंत तर तुमच्या पुढच्या शब्दाला वजन येतं.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये माणसं संगणकाची नवी साधनं का स्वीकारतात याचा अभ्यास मांडला. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या: साधन उपयोगाचं वाटतं का आणि ते वापरायला सोपं वाटतं का. दोन्ही महत्त्वाच्या निघाल्या, पण प्रत्यक्ष वापराशी जास्त घट्ट नातं उपयोगाचं दिसलं. बहुतेक प्रशिक्षणांत मात्र "किती सोपं आहे बघा" यावरच सगळा भर असतो. सोपं असलं तरी कशासाठी, हा शिक्षकाचा प्रश्न तसाच राहतो.

२. एक अडचण, एक साधन

गणिताचे एक सर म्हणाले, "वर्गसमीकरणाचे आलेख. तीन काढेपर्यंत घंटा होते आणि मुलांना ती तीन वेगवेगळी चित्रं वाटतात." मी त्यांना जिओजेब्रा उघडून दिलं. साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास सुरू केलेलं हे गणिताचं सॉफ्टवेअर आज वर्गातल्या वापरासाठी मोफत मिळतं. त्यात समीकरणातल्या सहगुणकांना सरकपट्टी जोडता येते. पट्टी सरकवली की आलेख डोळ्यांसमोर बदलतो.

सरांनी वर्गपदाचा सहगुणक हळूहळू कमी करायला सुरुवात केली. वक्र पसरट होत गेला. शून्यावर आला तेव्हा त्याची सरळ रेषा झाली आणि शून्याखाली जाताच तो उलटा पडला. सर थांबले, पट्टी परत शून्यावर आणली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मला फळ्यावर कधीच दाखवता आलं नसतं." वर्गसमीकरण आणि रेषीय समीकरण यांचं नातं त्यांना अर्थातच माहीत होतं. ते मुलांना एका हालचालीत दाखवता येतं, हे त्या दिवशी दिसलं. त्यानंतर मला काहीही पटवून द्यावं लागलं नाही.

त्या दिवशी मी त्यांना जिओजेब्रातली दुसरी कुठलीही सोय दाखवली नाही. हा मोह आवरणं सगळ्यात कठीण जातं, विशेषतः आपल्याला ते साधन मनापासून आवडत असेल तर. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी फेट नावाची, संगणकावर करून बघता येणारी प्रयोगांची प्रतिरूपं आहेत. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात तो प्रकल्प सुरू केला. तिथेही हाच नियम: शंभर प्रयोगांची यादी देऊ नका, पुढच्या आठवड्याच्या धड्याचा एक प्रयोग द्या.

३. माउस त्यांच्याच हातात राहू द्या

सराव रिकाम्या वर्गात करा. यंत्र तेच, केबल तीच, उजेडही तासाच्या वेळी असतो तसा. आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपवर जमलेली गोष्ट वर्गात अडते, कारण तिथला प्लग वेगळा असतो, पडद्यावर ऊन येतं, स्पीकर बंद असतो.

तुम्ही शेजारी बसा आणि हात मागे ठेवा, अगदी खरोखर. "थांबा, मी करून दाखवते" म्हणत माउस घेतलात की शिकणं तिथेच थांबतं. ते चुकीच्या ठिकाणी क्लिक करतील, करू द्या. बाहेर कसं पडायचं हे त्यांना चुकल्याशिवाय कळणार नाही. शेवटी त्यांना स्वतःच्या अक्षरात पायऱ्या लिहायला सांगा: सुरू करणं, उघडणं, दाखवणं, बंद करणं. छापील पुस्तिकेपेक्षा तो हातचा कागद टिकतो. कित्येकांच्या पाठ टाचणाच्या वहीत मी तो वर्षानंतरही चिकटवलेला पाहिला आहे.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणावर जे काम केलं, त्याचा मला नेहमी आधार वाटतो. नुसतं व्याख्यान आणि प्रात्यक्षिक झालं की शिकलेलं वर्गापर्यंत फारसं पोचत नाही. नंतर शाळेत कुणी सोबत केली की ते पोचायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

४. पहिला तास: दहा मिनिटं आणि एक परतीची वाट

संपूर्ण तास नव्या साधनावर उभा करू नका. मधली दहा मिनिटं पुरे. बाकीचा तास शिक्षकाच्या नेहमीच्या पद्धतीने चालावा, म्हणजे पायाखालची जमीन ओळखीची राहते.

तास सुरू होण्याआधी दोन गोष्टी ठरवा. पहिली, अडचण आली तर दोन मिनिटं प्रयत्न आणि मग सरळ फळा. त्यासाठीचं उदाहरण आधीच तयार हवं. दुसरी, मुलांना सुरुवातीलाच सांगायचं एक वाक्य: "आज मी एक नवी गोष्ट करून बघणार आहे, पहिल्यांदाच." हे वाक्य उच्चारलेल्या शिक्षकाला यंत्र अडल्यावर मान खाली घालावी लागत नाही.

त्या दिवशी तुम्ही मागच्या बाकावर बसा, पण शिक्षकाची परवानगी घेऊनच. वही-पेन घेऊन बसू नका, निरीक्षण चाललंय असं वाटतं. तंत्रात हुशार असलेल्या विद्यार्थ्यांची मदत घ्यावी का? काही शिक्षकांना ती मनापासून आवडते, काहींना तो अपमान वाटतो. त्यांनाच विचारा.

५. वेळ द्या, आणि कपाटाची किल्लीही

इथे मुख्याध्यापकांचं काम सुरू होतं आणि बहुतेक प्रयत्न इथेच ढासळतात. नवं काही शिका म्हणायचं आणि जुनं एकही काम कमी करायचं नाही, हा अन्याय आहे. आठवड्यातला एक ऑफ तास सरावासाठी राखून द्या आणि त्यावर बदली तास लावू नका. एखादी नोंदवही, एखादा दुहेरी भरावा लागणारा तक्ता कमी करता येत असेल तर करा. शिक्षकांना भाषणातून प्रोत्साहन मिळत नाही, वेळापत्रकातून मिळतं.

बाकीच्या गोष्टी क्षुल्लक दिसतात, पण त्यांच्यावरच सगळं अडतं. टॅब ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली कुणाकडे असते? ते रजेवर असले तर? चार्जिंग कोण करतं? पासवर्ड कुठे लिहिलेला आहे? यंत्र हरवलं किंवा फुटलं तर शिक्षकाच्या पगारातून कापणार का? शेवटचा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण मनात प्रत्येकाच्या असतो. त्याचं उत्तर लेखी द्या.

विद्यार्थ्यांची नावं, फोटो, गुण कोणत्या अॅपमध्ये भरायचे आणि कोणत्या नाही, हेही शाळेने ठरवून द्यावं. पालकांची संमती लागेल तिथे ती शाळेने घ्यावी. ही जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकू नये.

६. सुरुवात कुणापासून करावी

एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याची मांडणी केली. त्यांच्या हिशोबात २.५ टक्के माणसं सगळ्यात आधी उडी घेतात, १३.५ टक्के विचार करून पण लवकर येतात, ३४ टक्के त्यांच्यामागून, आणखी ३४ टक्के बऱ्याच उशिरा आणि १६ टक्के सर्वांत शेवटी. तीस शिक्षकांच्या शाळेत म्हणजे एक, चार, दहा, दहा आणि पाच.

आपण बहुधा त्या पहिल्या एकाला पुढे करतो. तो तर कुठलंही यंत्र दिलं तरी खेळत बसेल, आणि स्टाफरूमला ते माहीत असतं. "त्याला जमतं हो, आमचं काय!" त्याच्यापेक्षा त्या चार जणांना गाठा, ज्यांच्याकडे बाकीचे सल्ल्याला जातात. मी एक साधी खूण बघते: प्रश्नपत्रिका काढताना अडलं की लोक कुणाच्या टेबलापाशी जातात? त्या व्यक्तीने एक धडा नव्या पद्धतीने घेतला की तुमच्या दहा भाषणांचं काम होतं.

७. नकार देणाऱ्यांचं नीट ऐका

"हे सगळं फॅड आहे" म्हणणारे शिक्षक बरेचदा पूर्णपणे चुकलेले नसतात. शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि त्यांची जागा चलत्‌चित्रं घेतील, असं थॉमस एडिसन १९१३ मध्ये म्हणाले होते. पेरूमध्ये 'एका मुलामागे एक लॅपटॉप' योजनेतून लाखो यंत्रं वाटली गेली, पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या चाचण्यांत त्याचा परिणाम आढळला नाही. ज्येष्ठ शिक्षकांना ही उदाहरणं तुम्ही होऊन सांगा. तुम्ही विक्रेते नाही हे त्यांच्या लक्षात येतं.

मला स्वतःला आवडणारं उदाहरण २००८ चं आहे. वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकाच वेळी उत्तर घेण्यासाठी क्लिकर नावाची बटणांची यंत्रं वापरली जातात. नॅथानियल लॅस्री यांनी क्लिकर वापरणाऱ्या आणि साधी कार्डं वर धरणाऱ्या गटांची तुलना केली, तेव्हा शिकण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. प्रश्न चांगला असणं आणि त्यावर मुलांनी एकमेकांशी बोलणं, शिकणं घडतं ते यातून. क्लिकरने शिक्षकाचं मोजण्याचं काम हलकं होतं. इतकं प्रामाणिकपणे सांगितलं तरी शिक्षक ते वापरायला तयार होतात, उलट जास्त तयार होतात.

सक्ती मात्र करू नका. आठवड्याला अमुक इतके डिजिटल तास झालेच पाहिजेत, असा फतवा निघाला की शिक्षक व्हिडिओ लावून देतात आणि वह्या तपासत बसतात.

८. महिन्याने परत जा

किती वेळा वापरलं हे विचारू नका. पहिल्या पायरीत लिहून घेतलेली तक्रार काढा आणि ती वाचून दाखवा: "तेच चार हात वर येतात, म्हणाला होतात. आता?" फरक पडला नसेल तर साधन सोडून द्या, त्यात कुणाचाही दोष नाही. पडला असेल तर पुढची अडचण तेच सांगतील.

सुरुवातीला ज्या बाईंबद्दल लिहिलं, त्यांच्याकडे मी वर्षभराने गेले. प्रोजेक्टरचा विषय काढला नाही. त्यांची तक्रार हीच होती, तेच चार हात. आम्ही प्लिकर्स नावाच्या अॅपची कागदी कार्डं छापली. प्रत्येक कार्डावर काळी चौकोनी नक्षी, चार बाजूंना चार पर्याय, उत्तराची बाजू वर करून मुलाने कार्ड धरायचं आणि बाईंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. ना केबल, ना स्पीकर. पहिलाच प्रश्न समासाचा होता. फोनवर निकाल आला तेव्हा बाईंनी तो दोनदा वाचला, कारण नेहमी हात वर करणाऱ्या चौघांपैकी दोघं चुकले होते आणि खिडकीशेजारच्या बाकावरची, वर्षभर एक शब्द न बोललेली मुलगी बरोबर होती. बाईंनी फोन खाली ठेवला, तिच्या बाकाजवळ गेल्या आणि विचारलं, "कसं ओळखलंस गं?"